खेदाच्या पायऱ्या

बोरसे काकांना घेऊन मी एडिसनहून मेरीलँडला अकरा खेपा केल्या आणि अकराही वेळा परत येताना ठरवलं, की बस्स, आता पुन्हा नाही. जायला साडेतीन तास, यायला साडेतीन, ट्रॅफिक लागला तर पाच. शनिवार-रविवारी तिथल्या दप्तरखान्यात नवी खोकी काढून देत नाहीत, म्हणून दर खेपेला ऑफिसातली एक सुट्टी खर्ची पडायची. बाकीचे लोक सुट्ट्या साठवून भारतात जायचे, निदान नायगरा तरी बघायचे. मी त्या दोन वर्षांत सरकारी दप्तरखान्याच्या वाचनगृहात बसून काकांच्या पेन्सिलींना टोक काढत होते.

काका आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, माझ्या बरोबर खालच्या अपार्टमेंटमध्ये राहायचे. मूळचे खानदेशातल्या निंबगावचे. इकडे एका औषधांच्या कंपनीत केमिस्ट म्हणून आयुष्य काढून रिटायर झालेले. उंच, किडकिडीत, आणि शर्टाच्या खिशात टिपणांची कार्डं इतकी, की खिसा कायम ओघळलेला. दोनदा दुसऱ्याच्या गाडीला धडक दिल्यावर सनीव्हेलला राहणाऱ्या त्यांच्या मुलाने गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या होत्या. तेव्हापासून कॉम्प्लेक्समधला गाडीवाला प्रत्येक मराठी माणूस त्यांना चुकवायचा. मला ते जमेना. अमेरिकेतल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात मला कांजिण्या झाल्या, नवरा प्रोजेक्टवर दूर अर्विंगला, आणि काकांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, तीन आठवडे माझ्या दाराशी वरण-भाताचा डबा ठेवला. त्या वरण-भातापायी मी अडकले.

काकांचा विषय एकच. बेचाळीसच्या ऑगस्टात इंग्रजांनी एका पहाटे सगळे पुढारी उचलून तुरुंगात टाकले, तेव्हा अमेरिकेने काय केलं? वॉशिंग्टनहून लंडनला काय तार गेली, दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीने काय कळवलं, मसुद्यातला कोणता शब्द कोणी खोडला. उत्तर एका वाक्यात सांगता येतं: फारसं काही केलं नाही. लढाई चालू होती, इंग्रज दोस्त होते. आपले सैनिक हिंदुस्थानच्या अंतर्गत भानगडीत पडणार नाहीत, एवढं जाहीर करून ते मोकळे झाले. पण एका वाक्यात सांगतील तर ते बोरसे काका कसले!

आमच्या मंडळाच्या पंधरा ऑगस्टच्या पिकनिकला सेक्रेटरी मीनलने भाबडेपणाने काकांना म्हटलं, "काका, पाच मिनिटं बोला ना." काकांनी खिशातली कार्डं काढली तेव्हाच मला घाम फुटला. पहिली पंधरा मिनिटं फक्त आठ ऑगस्टच्या रात्रीवर गेली, अजून कोणाला अटकच झालेली नव्हती. ग्रिलवरची कणसं काळी पडली. लोक एकेक करून ‘जरा गाडीतून काहीतरी आणतो’ म्हणत सटकले. मीनलच्या सहा वर्षांच्या मुलीने शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मॉम, आर दे स्टिल इन जेल?" लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी कार्ड खाली केलं आणि गंभीरपणे तिला म्हणाले, "येस बेटा. फॉर थ्री मोअर इयर्स." आणि पुढे चालू.

त्यांच्या मते राजनैतिक भाषेला पायऱ्या असतात, आणि शहाण्या माणसाने एकही पायरी गाळायची नसते. मला त्यांनी त्या गाडीत इतक्या वेळा म्हणून दाखवल्या, की माझे कान किटले. सर्वांत खाली, ‘आम्ही बातम्या पाहिल्या आहेत.’ मग ‘परिस्थितीवर आमचं लक्ष आहे.’ मग चिंता. मग तीव्र चिंता. मग खेद. आणि सर्वांत वर निषेध.

"निषेध फक्त शत्रूचा करतात," काका सांगायचे. "दोस्ताच्या बाबतीत फार तर खेदापर्यंत चढायचं. बेचाळीसमध्ये तर हे लोक चिंतेच्या पायरीवरच बसून राहिले."

हीच भाषा घरातही. मी सकाळी खाली गेले की काका दार उघडून हळूच म्हणायचे, "जपून. आज स्वयंपाकघरातून तीव्र चिंता व्यक्त झालीय." आतून काकूंचा आवाज यायचा, "चिंता कसली? दुधाची पिशवी आणायला सांगितली तर हा माणूस लायब्ररीचं पुस्तक घेऊन आला!" काकू मोजकं बोलायच्या, पण नेमकं. एकदा मला दशम्या बांधून देताना म्हणाल्या, "जगाच्या तारा वाचतात गं तुझे काका. सख्ख्या भावाचं पत्र मात्र महिना झाला, उघडलेलं नाही." मी ते तेव्हा हसण्यावारी नेलं.

वाचनगृहाची शिस्त कडक. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी, कोट, डबा, सगळं बाहेर कुलपात. ठरलेल्या वेळी चिठ्ठी भरून द्यायची, ती वेळ चुकली की पुढच्या वेळेपर्यंत बसून राहा. मग एका ढकलगाडीवरून राखाडी खोकी येतात. टेबलावर एका वेळी एकच खोकं, खोक्यातली एका वेळी एकच फाइल. मी वाटेत कितीही गाडी हाणली तरी काका हायवेवरच्या प्रत्येक रेस्ट एरियाला थांबायचे, तिथल्या भिंतीवरचा नकाशा वाचायचे आणि पहिली वेळ हमखास चुकायची. "असू दे गं, पन्नास वर्षं थांबलेत कागद, अजून तासभर थांबतील," म्हणून माझीच समजूत घालायचे. त्यांच्या सनीव्हेलच्या मुलाने फोनवर शंभरदा सांगितलं होतं, "डॅड, जस्ट ऑर्डर द कॉपीज बाय मेल!" काकांचं उत्तर ठरलेलं: "मेलनं कागद येतो, खोकं येत नाही." मी लांब खिडकीशी बसून कादंबरी वाचायचे.

ते नेमकं काय शोधताहेत, हे मी विचारायचंच सोडून दिलं होतं. मला वाटायचं, माणूस रिटायर झाला, छंद लागला.

अकराव्या खेपेला, सत्त्याण्णवच्या जूनमध्ये, काका बाथरूमला गेले होते आणि मी पेन्सिल द्यायला त्यांच्या टेबलाशी आले. वॉल्टर नावाचा एक म्हातारा कर्मचारी खोक्यांची गाडी परत न्यायला आला होता. वर्षानुवर्षं तिथे काम केलेला, आवाज न करता चालणारा माणूस. गाडीच्या तळाच्या खोक्यावर हात ठेवून तो म्हणाला, "युअर अंकल ऑर्डर्स धिस वन एव्हरी टाइम. अँड ही नेव्हर ओपन्स इट."

मी वाकून लेबल वाचलं. मुंबईची अमेरिकन वकिलात, एकोणीसशे बेचाळीस, लोकांकडून आलेली पत्रं.

माझं डोकंच फिरलं. अकरा सुट्ट्या! नवऱ्याशी भांडणं, मॅनेजरचे टोमणे, आणि हे खोकं दर खेपेला त्यांच्या कोपराशी येऊन न उघडता परत जात होतं. काखेत कळसा म्हणतात तो असा. काका परत आले तसं मी त्यांना जवळजवळ ओढतच बाहेर हिरवळीवर नेलं. बाकावर बसवलं, दशम्यांचा डबा त्यांच्या मांडीवर आदळला आणि म्हटलं, "काका, त्या खोक्यात काय आहे ते आत्ता सांगायचं. नाहीतर मी गाडी काढते, तुम्ही बसने या."

ते बराच वेळ डब्याचं झाकण उघडबंद करत राहिले. मग त्यांनी खिशातून कार्ड न काढता बोलायला सुरुवात केली. असं मी पहिल्यांदाच बघत होते.

त्यांचे वडील, सगळे त्यांना नाना म्हणत, निंबगावच्या शाळेत मास्तर. गावात इंग्रजी येणारा एकटा माणूस. पुढाऱ्यांना पकडल्याची बातमी आली तेव्हा नानांनी मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीला अर्ज लिहिला: तुमचा देश स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणता, मग आमच्या माणसांना सोडा असं इंग्रजांना सांगा. काका तेव्हा सतरा वर्षांचे. घरोघरी फिरून वेगळ्या कागदावर चौतीस सह्या आणि अंगठे त्यांनीच गोळा केले होते. लोकांनी देवाच्या पाया पडावं तशा भक्तीने सह्या केल्या होत्या, असं काका म्हणाले.

"आणि दोन दिवसांनी मी स्वयंपाकघरात गेलो, तर नाना तो सह्यांचा कागद चुलीत घालत होते. माझ्या डोळ्यांदेखत. मी विचारलं, हे काय करता? ते म्हणाले, शाळेत जा."

"मग?"

"मी शाळेत गेलो नाही. चावडीवर गेलो. गाव जमा करून सांगितलं, माझ्या बापानं शेपूट घातलं, तुमच्या सह्या चुलीत घातल्या." काकांनी डबा बंद केला. "बघ ना, मी एकही पायरी चढलो नाही. थेट निषेध."

त्यानंतर दोन दिवसांनी प्रभातफेरीत नाना पकडले गेले. बाकीचे आठ महिन्यांनी सुटले, नाना तीनच महिन्यांनी. झालं! गावाने हिशेब जुळवला: मास्तर भ्याला, कागद जाळला, माफी लिहून सुटला. नाना त्यावर जन्मात एक शब्द बोलले नाहीत. मुलगा मुंबईला शिकायला गेला, मग अमेरिकेला. नाना गेले तेव्हाही दोघांत धड बोलणं नव्हतं. मरायच्या आधी आईने मात्र काकांना एवढंच सांगितलं, की तुझ्या बापाने त्या दिवशी पोस्टात काहीतरी टाकलं होतं, मी पाहिलंय.

"आणि भावाचं पत्र?" मी विचारलं. ते शेवटी काकूंनीच उघडलं होतं. निंबगावच्या शाळेत स्वातंत्र्याच्या पन्नाशीला बेचाळीसमध्ये तुरुंगात गेलेल्यांच्या नावांचा फलक बसणार होता. नानांचं नाव घालायला गावातल्या चौघांचा विरोध होता. दादा, तुझ्याकडे काही पुरावा असला तर जुलैच्या आत पाठव, असं भावाने लिहिलं होतं.

"त्या खोक्यात पत्र नसलं, तर नाना भित्रे ठरतात," काका म्हणाले. "आणि असलं, तर मी कोण ठरतो?"

माझा राग तेवढ्यात उतरला असं म्हणायला मला आवडलं असतं. तो उतरला नाही. उलट वाढला. एवढं मोठं ओझं घेऊन हा माणूस अकरा वेळा माझ्याशेजारी बसला आणि साडेतीन-साडेतीन तास मला लंडनच्या तारा ऐकवत राहिला! मी म्हटलं, "काका, आता जुलै येतोय. मी नवी चिठ्ठी भरते. तुम्ही नाही उघडलंत तर मी उघडीन." ते नाही म्हणाले नाहीत. माझ्यामागून मुकाट आत आले.

खोकं आलं. तिसरी फाइल. कोणी संस्थानिक, कोणी वकील, एक मिशनरी बाई, आणि त्यांच्यामध्ये शाळेच्या वहीचा रेघांचा कागद. काकांनी अक्षर ओळखलं आणि दोन्ही हात टेबलाखाली नेले. म्हणाले, "तू वाच."

जुन्या वळणाचं, शाळामास्तरी इंग्रजी. आधी अर्ज होता तसाच. खाली दोन ओळी नव्याने घातलेल्या. या गावातल्या चौतीस जणांनी या मागणीवर सह्या केल्या आहेत. हल्ली टपाल फोडून वाचलं जातं आणि या माणसांच्या घरी लहान मुलं आहेत, म्हणून तो कागद मी आज स्वतः जाळला आहे. चौतीसही नावं मला पाठ आहेत, परंतु ती मी कोणालाही सांगणार नाही, आणि या पत्राची जबाबदारी माझ्या एकट्याची आहे. खाली एकच सही, संपूर्ण नाव, हुद्दा आणि घराचा पत्ता.

वर वकिलातीचा शिक्का होता, पत्र मिळाल्याचा. उत्तर दिल्याची कुठेही नोंद नव्हती. फक्त ‘मी आज स्वतः जाळला आहे’ या शब्दांखाली कोणीतरी पेन्सिलीने एक रेघ मारली होती. कोणी मारली, कशासाठी, काही कळायला मार्ग नाही.

काका रडतील असं मला वाटलं होतं. ते चिडले. त्या वाचनगृहात, जिथे लोक खोकलासुद्धा दाबतात, तिथे कागदाकडे बघून मोठ्याने म्हणाले, "मग मला सांगितलं का नाही? नाना, मला सांगायचं की!" पहारेकरी उठून आला. वॉल्टरने त्याला हातानेच थांबवलं.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "सांगितलं असतं तर मी तेही चावडीवर ओरडलो असतो. पत्र गेलंय, चौतीस सह्या होत्या म्हणून. आणि पोलीस चौतीस घरी गेले असते." मग कागदाकडे बघत, "मी बोंब मारली म्हणून पोलिसांना वाटलं, बाप घाबरट आहे, कागद जळला, संपलं. कोणी सह्या शोधायला आलंच नाही, नानांनाही म्हणूनच लवकर सोडलं असणार. नानांनी ती बोंब चालू दिली गं."

परतीच्या वाटेवर ते एका रेस्ट एरियालाही थांबा म्हणाले नाहीत. मला ते फार जड गेलं. नकाशे बघत उभे राहिले असते तर बरं वाटलं असतं.

पत्राची झेरॉक्स निंबगावला गेली. फलकावर नाव घालायचं ठरलं. भावाने कळवलं, दादा, तू स्वतः ये आणि पंधरा ऑगस्टला शाळेत बोल. तिथून माझ्या डोक्याला नवा ताप सुरू झाला. काकांनी भाषणाचे मसुदे करायला घेतले. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून आले की काका जिन्यात हजर. पहिल्या मसुद्यात ‘बेचाळीसमधील काही विधानांकडे माझे लक्ष वेधले गेले आहे’ असं होतं. मी म्हटलं, "काका, ती विधानं तुमची होती." दुसऱ्यात चिंता आली. पाचव्यात तीव्र चिंता. नवव्यात अखेर खेद, पण तो ‘निर्माण झालेल्या गैरसमजाबद्दल’. काकू आतून म्हणाल्या, "गैरसमज आपोआप निर्माण झाला का, दुधावरच्या सायीसारखा?"

अकराव्या मसुद्याला माझा तोल सुटला. "काका, पायऱ्या पुरे झाल्या. ही काय लंडनची तार आहे? सरळ ‘माझं चुकलं’ म्हणा!"

"असं एकदम?" काका खरोखर गोंधळून म्हणाले.

"सतराव्या वर्षी एकदमच बोलला होतात ना?"

ते मसुदा घेऊन खाली गेले. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतले नाहीत.

पुढचं काकूंनी मला फोनवर सांगितलं. शाळेच्या मैदानात मांडव होता. ते चौतीस जण बहुतेक गेलेले; त्यांची मुलंनातवंडं होती आणि एक सही केलेला म्हातारा होता, त्याला खुर्चीतून उचलून आणलं होतं. काका उभे राहिले, खिशातून कार्डं काढली, बघितली, परत खिशात ठेवली. मग म्हणाले, चावडीवर मी बोललो ते खोटं होतं, माझं चुकलं. आणि खाली बसले. "अख्खं भाषण एवढंच," काकू म्हणाल्या. "गावकऱ्यांना वाटलं, माईक बंद पडला." काका पुढे तिकडेच राहिले, शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायला जायचे, आणि दोन वर्षांनी तिकडेच वारले.

मला मात्र दिसतात ते नेवार्क विमानतळावरचे काका. मी त्यांना सोडायला गेटपर्यंत गेले होते. त्याआधी गाडीत, अर्ध्या वाटेवर पोचल्यावर लक्षात आलं, की पत्राची फाइल छातीशी आहे पण पासपोर्ट घरी डायनिंग टेबलावर. त्यामुळे गाडी वळवली, पुन्हा आलो, मी रागाने लालबुंद. गेटपाशी काकू शांतपणे खिडकीशी बसल्या होत्या. बोर्डिंग सुरू झालं तरी काका मांडीवर भाषणाचं कार्ड ठेवून पेन्सिलीने खोडत होते. रांग संपत आली. मी त्यांच्यासमोर हात पुढे केला आणि म्हटलं, "काका, द्या इकडे. आता पुरे."

त्यांनी वर पाहिलं. मी पेन्सिल मागतेय, हे त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी ती शाळेतल्या मुलासारखी माझ्या हातात ठेवली. काकूंनी त्यांना दंडाला धरून उठवलं. दाराशी जाऊन ते वळले, आणि एवढ्या लोकांत मला मोठ्याने विचारलं, "पण नानांना ऐकू जाईल का गं?"

मी जोरजोरात मान हलवली, हो म्हणून. त्यांचं समाधान झालेलं दिसलं. ते आत गेले आणि मी तिथेच, त्या टोक केलेल्या पेन्सिलीसकट, रडत उभी राहिले.